फाटे फुटत गेले आणि गोष्ट हातातून सुटली: वाचकानं चालवायची चित्रकथा आवरू कशी?

रेघोटी

नमस्कार. इथले धागे बरीच वर्षं नुसते वाचत आले. आज लिहायला बसले, कारण अडलेय.

मी चित्रं काढते. गेले आठ महिने एक गोष्ट करतेय जी स्क्रीनवर वाचायची आहे, पण पानामागून पान अशी नाही. वाचकानं चित्रातल्या एखाद्या वस्तूवर बोट ठेवायचं आणि गोष्ट तिथून पुढे सरकायची. ट्वाइनमध्ये बांधलीय, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या गोष्टी रचायच्या एका साधनात. गोष्ट साधी आहे. वडील गेल्यावर महिन्याभरानं दोन भावंडं त्यांची खोली आवरायला येतात. वाचक म्हणजे त्यातलं एक भावंड. मुलगा की मुलगी हे मी मुद्दाम सांगितलेलं नाही. दुसरं भावंड म्हणजे भाऊ, तो दारात उभा आहे, त्याला लवकर निघायचंय. खोलीत एक टेबल. टेबलावर बाबांची रोजनिशी, रेडिओ आणि चष्म्याचं घर. त्या घरात, चष्म्याखाली, घडी घातलेली एक चिठ्ठी.

हे छापील पुस्तकात का केलं नाही, तर माझ्या स्वतःच्या वडिलांची खोली आवरताना कुठली वस्तू आधी हाताला लागली यावर मला काय काय कळत गेलं हे ठरलं. पहिल्या दिवशी बाजूला टाकलेला एक कागद चौथ्या दिवशी दुसरंच काहीतरी सापडल्यावर मी धावत जाऊन रद्दीतून परत काढला. तो अनुभव वाचकाला द्यायचाय. पानांच्या क्रमानं तो देता येईना.

सुरुवात जोरात झाली. प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय. रोजनिशी उघडायची की तशीच ठेवायची? चिठ्ठी वाचायची की खिशात टाकायची? भावाला सांगायचं की लपवायचं? पाचच टप्पे ठरवले होते, तेवढे काही फार नाहीत असं वाटलं. मग एका रात्री कागदावर सगळं झाड मांडलं. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. बेरीज ६३. म्हणजे ६३ पॅसेज (ट्वाइनमधलं एकेक पान), आणि माझ्या पद्धतीनं प्रत्येकाला वेगळं चित्र. त्यातली २९ चित्रं काढून झालीत. एक वाचक एका वाचनात त्यातली किती पाहणार? सहा.

नऊ जणांना वाचायला दिली. सात जणांनी एकदा वाचली, छान आहे म्हणाले आणि बंद केली. दोघींनी परत उघडली. त्यातल्या एकीचा प्रश्न मला अजून टोचतोय. ती म्हणाली, "पहिल्या वेळी चिठ्ठी बाबांनी लिहिलेली होती. दुसऱ्या वेळी ती त्यांना कुणीतरी लिहिलेली निघाली. मग खरं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोन्ही खरं धरलं होतं. वाचकाच्या निवडीला मान द्यायचा तर तिच्यामुळे जगच बदललं पाहिजे, असा माझा समज होता. पण चिठ्ठी कुणाची हे बटणावर ठरतंय असं दिसल्याक्षणी तिच्यासाठी बाबा उरलेच नाहीत, एक कोडं उरलं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

तर विचारायचंय ते हे. झाड छाटायचं कसं, आणि छाटल्यावर वाचकाच्या हाती खरंच काही उरतं का? काढलेली चित्रं वाया घालवायची नाहीत. आणि एक भाषेचं: वाचकाला 'तू' म्हणते, पण 'तू आत गेलास' लिहू की 'गेलीस'? सध्या सगळीकडे तिरकी रेघ देऊन दोन्ही लिहिलंय. डोळ्याला अतिशय खुपतं.

सांदीकोपरा

रेघोटीताई, झाडाचं गणित प्रत्येकाला एकदा चावतंच. पाचाऐवजी दहा टप्पे घेतले असते तर नुसते शेवटच १०२४ झाले असते. त्यामुळे फाटा फुटला की दोन-तीन पावलांत परत जुळवून आणायचा, ही जुनी रीत आहे. आपल्या लहानपणच्या खेळात भोज्या असतो ना, तसा. कुठूनही पळा, भोज्याला शिवूनच पुढे जायचं.

याचं एक नामी उदाहरण सिनेमातलं आहे. १९६७ साली मॉन्ट्रियलच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडूझ चिंचेरा यांचा 'किनोऑटोमॅट' दाखवला गेला. प्रत्येक खुर्चीला लाल आणि हिरवं बटण. मोक्याच्या क्षणी सिनेमा थांबायचा, सूत्रधार रंगमंचावर येऊन विचारायचा की आता याने काय करावं, आणि बहुमत पडेल तसा पुढचा तुकडा लागायचा. आत यंत्र साधंच होतं. दोन प्रोजेक्टर बरोबरीनं चालायचे आणि एकाच्या भिंगावर झाकण घातलेलं असायचं. मतं बदलली की झाकण बदलायचं. पुढच्या मतदानापर्यंत दोन्ही रिळं एकाच जागी येऊन पोचतील अशी गोष्ट बांधली होती. काहीही निवडा, शेवटी आग लागायचीच. घराला आग लागलेली तर सिनेमा सुरू होतानाच दिसते.

तेव्हा तुमचे ६३ पॅसेज वीसावर आणता येतील. कुठे जुळवायचं ते झाडाचा फोटो टाकलात तर सांगता येईल.

गाठोडं

सांदीकोपरा यांची जुळवणी बरोबर आहे, पण नुसती जुळवणी केलीत तर तुमची मैत्रीण दुसऱ्या वाचनात निराळी तक्रार करेल. ती म्हणेल, काहीही केलं तरी तेच होतंय.

रेघोटीताई, तुमच्या पोस्टमधला तिसरा परिच्छेद पुन्हा वाचा. रद्दीतून कागद परत काढला तो. त्या चार दिवसांत त्या कागदावरचा मजकूर बदलला होता का? अक्षरही बदललं नव्हतं. तुम्हाला जे ठाऊक होतं ते बदललं. तुम्हाला हा अनुभव द्यायचाय आणि यंत्र बांधलंत ते मात्र घटना बदलणारं. चिठ्ठी एकच ठेवा, बाबांचीच. खोलीत जे घडून गेलंय ते घडून गेलंय, वाचकाला त्याला हात लावता येणार नाही. वाचकाच्या हाती क्रम द्या.

मी बारा वर्षं असल्या गोष्टी लिहितोय, बहुतेक नुसत्या शब्दांच्या, चित्रांशिवाय. मला हे कळलं ते मायकेल जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' वाचताना. १९८७ सालचं, संगणकावर दुव्यांवरून वाचायचं काम आहे ते. त्यात ५३९ छोटी पानं आणि त्यांना जोडणारे साडेनऊशे दुवे आहेत. एका माणसाला शंका येते की सकाळी रस्त्यात अपघात पाहिला त्यात आपला मुलगा आणि आधीची बायको तर नव्हती? आता यातली खुबी बघा. जॉइस आणि जे डेव्हिड बोल्टर यांनी ज्या स्टोरीस्पेस नावाच्या प्रणालीवर काम केलं, तिच्यात दुव्याला पहारा बसवता येतो. अमुक पान वाचून झालेलं नसेल तर तो दुवा उघडतच नाही. म्हणजे माणूस स्वतःशीच जे कबूल करत नाही तिथे वाचकालाही सरळ जाता येत नाही. आधी भोवतीनं फिरून यावं लागतं. दुवा कुठे नेतो याइतकंच तो कधी उघडतो हेही तिथे लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

तुमच्याकडे हे करायला फार काही लागत नाही. ट्वाइनमध्ये शुगरक्यूब हा गोष्टीचा साचा (स्टोरी फॉरमॅट) वापरत असाल तर व्हिजिटेड नावाचं फंक्शन आहे. त्याला पॅसेजचं नाव दिलं की वाचक तिथे किती वेळा जाऊन आला तो आकडा मिळतो. इंक ही अशाच गोष्टी लिहायची भाषा २०१६ पासून सर्वांना खुली आहे, तिच्यात तर प्रत्येक गाठीचा, म्हणजे गोष्टीच्या तुकड्याचा, हिशेब आपोआप राहतो, गाठीचं नाव अटीत घातलं की झालं.

आता तुमच्याच खोलीत करून बघू. रोजनिशी, रेडिओ, चष्म्याचं घर, चिठ्ठी. चार वस्तूंचे क्रम २४ होतात, पण चिठ्ठी घरात दडलेली असल्यामुळे घर आधी उघडावंच लागतं, म्हणून १२. बारा वाचनं, आणि लिहायचे प्रसंग फक्त चार. समजा चिठ्ठीत बाबांनी लिहिलंय:

"चारपर्यंत वाट बघेन. मग निघेन."

आणि रोजनिशीत त्याच तारखेला, त्यांच्या सवयीप्रमाणे नुसत्या वेळा:

"६.०० उठलो. ९.३० बँक. ४.१० निघालो."

ज्यानं रोजनिशी आधी उघडली त्याला यात काय दिसणार? नीटनेटका माणूस, वेळा लिहून ठेवायचा. तिथे तुम्ही लिहा, "सगळी पानं अशीच. वेळा आणि कामं." बस. चिठ्ठी वाचून जो रोजनिशीकडे आला त्याला तेच पान, तेच चित्र, त्याच वेळा दाखवा आणि खाली एवढंच लिहा:

"दहा मिनिटं जास्त थांबले."

चित्राला हात लावायचा नाही. तुमची २९ चित्रं वाया जातील असं म्हणताय, पण अशी पुन्हा पुन्हा भेटणारी चित्रंच यात सगळ्यात जास्त कामाला येतात.

दुसरं, खोलीचं मुख्य चित्र एकच ठेवा आणि त्यावर पारदर्शक थर चढवा. रोजनिशी उचलली की तिच्या जागी धुळीत तिचा स्वच्छ चौकोन राहू दे. घर उघडलं की चष्मा बाहेर. आपण कुठे कुठे हात लावलाय हे वाचकाला खोलीच सांगेल, वेगळा नकाशा किंवा टक्केवारीचा पट्टा लागणार नाही. तो पट्टा मी एकदा घातला होता आणि पुढल्या वेळी काढून टाकला, कारण लोक गोष्ट वाचायची सोडून शंभर टक्के भरायच्या मागे लागले होते.

उफराटा

गाठोडं यांचं म्हणणं सुंदर आहे, तरी मला ते अपुरं वाटतं आणि तसं स्पष्ट लिहितो.

चारही वस्तू शेवटी सगळ्यांनाच उघडता येत असतील तर वाचक काहीच गमावत नाही. आधी हे, मग ते, सगळं बघून झालं, चला. निवड म्हटली की एक घेताना दुसरं सुटलं पाहिजे. केवळ मिसळण म्हणून बघायचं तर रेमाँ केनो या फ्रेंच कवीनं १९६१ मध्येच टोक गाठलंय. दहा सुनीतं, प्रत्येकाच्या चौदा ओळी, पानं ओळीओळीला कापलेली. कुठलीही पहिली ओळ कुठल्याही दुसरीशी जुळते. होणाऱ्या सुनीतांची संख्या एकावर चौदा शून्यं. एका माणसाला जन्मभरात वाचून संपणार नाहीत. मला ते फार आवडतं, पण त्यातली एखादी जुळणी माझ्या वाट्याला आली नाही म्हणून मला हुरहूर लागत नाही. खोलीच्या गोष्टीत ती लागायला हवी.

तुमच्याकडे त्यासाठी माणूस आहे आणि तुम्ही त्याला दारात नुसता उभा करून ठेवलाय. भावाला निघायचंय ना? मग तो निघू दे. वाचकानं एक वस्तू उघडली की भाऊ दाराला टेकलेला. दुसरी उघडली की घड्याळाकडे बघतोय. तिसरी उघडून झाली की दार रिकामं. चौथी वस्तू वाचकाला एकट्यानं बघावी लागेल. चिठ्ठी शेवटी राहिली तर ती भावाला कधीच दाखवता येणार नाही. आधी वाचली तर भाऊ तिथेच आहे, आणि आता ती त्याला दाखवायची की नाही हा प्रश्न खराखुरा पडेल, 'सांगायचं की लपवायचं' अशी पाटी न लावता.

भाऊ जाणार आहे हे आधी सांगू नका. पण दिसत राहू दे. पहिल्या वाचनात लक्षात येणार नाही, आणि रिकामं दार बघून जो माणूस गोष्ट परत उघडेल तो आता वेगळ्या क्रमानं जाईल. दुसऱ्या वाचनाचं कारण तुम्हाला तिथे मिळेल.

गाठोडं

हे पटलं. मी खोलीकडे बघत राहिलो आणि दाराकडे माझं लक्षच गेलं नाही. एकच भर घालतो: भाऊ गेल्यावर आधी उघडलेल्या वस्तू पुन्हा उघडता आल्या पाहिजेत. माणूस गेला तरी वस्तू तिथेच असतात.

अनुस्वार

भाषेच्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलं नाही म्हणून लिहिते. माझं काम मजकूर तपासायचं, आणि अशा दोन गोष्टी मी तपासल्या आहेत.

रेघोटी, ती तिरकी रेघ आजच काढून टाक. मराठीत तिची गरज फार कमी ठिकाणी पडते. वर्तमानकाळ टाळ, कारण तिथे 'उघडतोस-उघडतेस' आलंच. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं की ते कर्माप्रमाणे चालतं आणि वाचक बाजूला राहतो. 'तू दार उघडलंस.' 'तू चिठ्ठी वाचलीस.' यातलं 'वाचलीस' चिठ्ठीचं आहे, वाचणाऱ्याचं नाही. त्यामुळे 'तू आत गेलास'ऐवजी 'तू आत पाऊल टाकलंस'. 'तू थांबलास'ऐवजी 'तू श्वास रोखलास', कारण श्वास पुल्लिंगी. तुला दिसलं, तुला आठवलं, तुझ्या लक्षात आलं, ही सगळी वाक्यं बिनधोक. भविष्यकाळ तर मुळातच मोकळा आहे, 'तू उघडशील', 'तू जाशील'. फसवणारी क्रियापदं थोडी आहेत, ती भिंतीवर लिहून ठेव: म्हणणे, बोलणे, विसरणे, शिकणे, पिणे. ही कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालतात. 'म्हणालास' नको, 'म्हटलंस' घे. 'विसरलीस' नको, 'तुझ्या ध्यानातून गेलं' घे. आणि 'दमलेला-दमलेली' अशी विशेषणं वाचकाला लावू नकोस. 'अंगात त्राण नव्हतं' म्हण.

'तुम्ही'नं हे सगळं सुटतं असं कुणीतरी सांगेलच. सुटतं खरं, पण वडिलांच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला गोष्टीनं अहोजाहो केलं तर तो दारातच राहील.

दुसरी अडचण तुला अजून आली नसेल, येईल. वस्तूचं नाव व्हेरिएबलमध्ये (बदलत्या शब्दाच्या खणात) ठेवून वाक्यात घालायला गेलीस की मराठी अडते. इंग्रजीत नुसता शब्द चिकटवून भागतं. आपल्याकडे चष्मा हातात घेतला की 'चष्म्याला', घराचं 'घरात', वहीचं 'वहीत'. क्रियापदही लिंगाप्रमाणे फिरतं, रेडिओ उचललास, रोजनिशी उचललीस, घर उचललंस. म्हणून प्रत्येक वस्तूची तीन खणांची नोंद कर: मूळ रूप, सामान्यरूप, लिंग. चारच वस्तू असतील तर याहून सोपं म्हणजे वाक्यं सुटी सुटी हातानं लिही. मी तरी तेच सांगेन. यंत्रानं जुळवलेलं मराठी वाक्य लगेच कानाला कळतं.

आणि अक्षरं एकेक करून टाइप होत उमटायचा तो परिणाम वापरला असशील तर थांब. मी 'चिठ्ठी' उमटताना पाहिली आहे. आधी 'च' येतो. मग वेलांटी त्याच्या डावीकडे घुसते आणि 'च' उजवीकडे सरकतो. मग सुटा 'ठ', मग त्याचा पाय मोडतो, मग जोडाक्षर. 'प्रार्थना' याहून वाईट, 'र' आधी जमिनीवर उमटतो आणि मग उडी मारून 'थ'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. वाचकाचा सगळा जीव त्या उड्यांत जातो. ब्राउझरमधलं इंटल-सेगमेंटर हे मजकूर तोडायचं साधन वापरून अक्षरं तोडली तर मात्रा अक्षराला धरून राहतात, पण जुन्या ब्राउझरमध्ये जोडाक्षरं तरीही तुटतात. सरळ शब्द-शब्द उमटव. शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोहही आवर, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात.

सांदीकोपरा

माझं वरचं मत मागे घेतो. झाड छाटायची गरजच नाही, झाड नकोच आहे.

एक कामाचं. ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरत असाल तर गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठवणीत राहते. साफसफाई करताना साइटचा डेटा पुसला की आठ महिने गेले. आजच प्रत उतरवून दोन जागी ठेवा. तयार झाल्यावर मात्र साधी एचटीएमएल फाइल आणि शेजारी चित्रांचं फोल्डर एवढंच बाहेर काढा, बाकी कुठल्या प्लेअरवर अवलंबून राहू नका. २०२० संपताना फ्लॅश हा ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणारा प्लेअर बंद पडला आणि त्यावर उभं असलेलं केवढं तरी काम एका झटक्यात ब्राउझरमध्ये उघडेनासं झालं. त्यातलं थोडंफार रफलसारख्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमुळे आता परत दिसतं.

चित्रातल्या ज्या वस्तूंवर बोट ठेवायचं त्या खऱ्या दुव्याच असू द्या, म्हणजे कीबोर्डनं टॅब दाबूनही तिथे पोचता येईल. आणि प्रत्येकाला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, लिहा. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून ऐकणाऱ्यालाही धुळीतला चौकोन कळला पाहिजे.

रेघोटी

अकरा दिवसांनी परत आलेय. आधी सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट वाचून कुणी उत्तर देईल असं वाटलं नव्हतं.

झाड मोडलं. पहिले दोन दिवस फाइल उघडवेना, कारण त्यातल्या एका फांदीवर मी सव्वा महिना घालवला होता. मग खोलीचं एक मोठं चित्र नव्यानं काढलं आणि जुन्या २९ मधून थरांसाठी काय घेता येतं ते शोधलं. अकरा चित्रं तशीच्या तशी बसली. भावाची तर एकूण सात निघाली, कारण मी त्याला नकळत प्रत्येक फांदीत जरा वेगळा उभा केला होता. कुठे हात खिशात, कुठे खांदा चौकटीला. उफराटा, तुम्ही सांगितलेलं दार त्यातूनच झालं. रिकाम्या दाराचं चित्र नवीन काढावं लागलं. चौकटीला त्याचा खांदा टेकायचा तिथे रंग जरा घासलेला दाखवलाय.

धुळीचा चौकोन काढताना एक गंमत कळली. रोजनिशी परत ठेवली तर ती अगदी त्याच जागी बसत नाही. म्हणून ती थोडी तिरकी ठेवली आणि चौकोनाची एक कड उघडी राहू दिली. यावर एक शब्दही लिहिलेला नाही.

अनुस्वारताई, तिरक्या रेघा सगळ्या गेल्या. एकच वाक्य तीन दिवस छळत होतं, 'तू रडलास/रडलीस'. शेवटी 'चिठ्ठीवरची अक्षरं पुसट झाली' केलं. मूळ वाक्याहून तेच बरं आहे असं आता वाटतं. टाइप होणारा मजकूर मी वापरलाच होता, चिठ्ठीच्याच पॅसेजला. तुमचं वाचून पुन्हा उघडून पाहिला आणि वेलांटीची ती उडी दिसली. इतके महिने मला ती दिसली नव्हती. आता शब्द-शब्द येतात, तेही फक्त चिठ्ठीत.

मग परवा गोष्ट त्याच मैत्रिणीला दिली, जिनं 'खरं काय' विचारलं होतं. मी शेजारी बसले, काही बोलायचं नाही असं ठरवून. तिनं रोजनिशी आधी उघडली. "सगळी पानं अशीच. वेळा आणि कामं." वाचून लगेच पुढे गेली. मग रेडिओ. मग चष्म्याचं घर. घर मिटलं तेव्हा दार रिकामं झालेलं होतं, तिचं लक्ष नव्हतं. चिठ्ठी उलगडली आणि शब्द येत गेले. चारपर्यंत. वाट. बघेन. तिनं वर बघितलं, दाराकडे. स्क्रीनवरच्या दाराकडे. "हा कुठे गेला?" असं ती मोठ्यानं म्हणाली.

मग ती मुकाट्यानं रोजनिशीकडे परत गेली. मी न सांगता. ते पान तिला तसंच दिसलं, खाली नवीन ओळ. ती बराच वेळ तिथेच थांबली, आणि मग बोटानं स्क्रीनवर ४.१० ला हात लावला, तिथे दुवा नसताना.

गाठोडं, तुम्ही वस्तू पुन्हा उघडता याव्यात म्हणालात ते यासाठी होतं हे मला तेव्हा समजलं. पण त्यातून एक नवीन अडचण आलीय. तिनं रोजनिशी तिसऱ्यांदाही उघडली, आणि तिसऱ्या वेळी तीच 'दहा मिनिटं जास्त थांबले' ही ओळ परत आलेली मला बोथट वाटली. आता तिसऱ्या खेपेला तिथे काहीच लिहू नये असं मनात आहे, नुसतं पान. की वाचकाला वाटेल काहीतरी बिघडलंय?

गाठोडं

नुसतं पान ठेवा. पण पान मिटायचा दुवा दोन सेकंद उशिरा येऊ द्या.

अनुस्वार

आणि त्या पानाच्या पर्यायी मजकुरात तिसऱ्या वेळी फक्त वेळा लिही, बाकी काही नको. ऐकणाऱ्यालाही तेवढंच मिळू दे.

रेघोटी

करते. ४.१० वर दुवा मात्र ठेवणार नाही.